गाडी आज नोंदवावी की थांबावे? चांदा-गडचिरोलीच्या जंगलवाटांवरील ट्रकचा इतिहास

१/
मालवाहू गाडीची नवी बनावट बाजारात आली की ती घेऊ पाहणाऱ्यासमोर एक जुनाच प्रश्न उभा राहतो. नोंदणी लगेच करावी, की पहिल्या वर्षातील दोष बाहेर पडू द्यावेत आणि मग करावी? की शोरूममध्ये उरलेली जुनी बनावट सवलतीत उचलावी? वरवर पाहता हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न आहे. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या बाजूने त्याकडे पाहिले, तर स्वतंत्र भारताच्या अर्थकारणाचा बराच इतिहास त्यात सापडतो. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम भूगोल. वर्धा-बल्लारशाह-काजीपेट हा मोठा लोहमार्ग चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाने जातो. गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग उत्तरेकडून येतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याच्या वाट्याला वडसा हे एकच रेल्वेस्थानक आले. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या दक्षिणेकडील मुलखातला साग, बांबू आणि तेंदूपाने बाहेर काढायची, तर पूर्वी बैलगाडी आणि नंतर ट्रक, याखेरीज मार्ग नव्हता.

३/
दुसरी गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात जंगलातील तोड थांबते, कच्च्या वाटा चिखलात बुडतात, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. बांबूची आणि लाकडाची वाहतूक पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि मृगाच्या आत आटोपावी लागते. झाडीपट्टीतील धान दिवाळीच्या पुढेमागे खळ्यावर येते. त्याच सुमारास वडशाच्या नाटकमंडळ्या रंगमंचाचे सामान गाडीत भरून गावोगाव निघतात. उन्हाळ्याच्या अखेरीस तेंदूचा हंगाम. ट्रकमालकाचे कमाईचे वर्ष असे जेमतेम आठ महिन्यांचे असते. कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने भरावे लागतात.

४/
म्हणून नोव्हेंबरात दारी आलेली गाडी आणि जूनमध्ये आलेली गाडी, किंमत एकच असली तरी, या मुलखात सारखी नसते. जूनमधली गाडी चार महिने झाडाखाली उभी राहून हप्ते खाते. थांबण्याची खरी किंमत येथे जंगलाचे वेळापत्रक ठरवते. आणि तरीही कधी घ्यायचे, किती थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे फारच थोडा काळ होता. तो अधिकार कोणाकोणाच्या हातून फिरत आला, हे आता क्रमाने पाहू.

५/
१९४० चे दशक. मुंबईत जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून चालू होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. महायुद्ध संपताच लष्कराने काढून टाकलेले फोर्ड आणि शेव्हर्ले ट्रक लिलावात निघाले. लोक त्यांना ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणत. १९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद उद्योगाची कंपनी नोंदली गेली आणि पुढे जंगलातल्या बांबूला जवळचाच एक मोठा गिऱ्हाईक मिळाला. माल वाढला, पण वाहन निवडण्याचा प्रश्न नव्हताच. लिलावात जे निघेल ते घ्यायचे.

६/
१९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशींनंतर केंद्र सरकारने धोरण ठरवले: नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे जागा नाही, जो सुटे भागही देशात बनवील तोच राहील. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचा पहिला ट्रक बाहेर पडला. मद्रासकडे १९५५ मध्ये अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली.

७/
त्या वर्षीच्या एखाद्या लाकूड ठेकेदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका बाजूस परिचयाचा अमेरिकी ट्रक. तो पेट्रोलवर चालणारा, आणि त्याचा निर्माता देश सोडून निघालेला. दुसऱ्या बाजूस नव्या बनावटीचा डिझेल ट्रक, इंधनात काटकसरी; पण त्याचे इंजिन उघडणारा मिस्त्री जवळपास नाही. जुना घ्यावा तर उद्या सुटे भाग कोठून आणायचे? नवा घ्यावा तर तो बिघडल्यावर कोणाकडे न्यायचा? नव्या बनावटीची गाडी घेताना पडणारा प्रश्न या स्वरूपात तेव्हाच पूर्णपणे उभा राहिला होता.

८/
पण लवकरच तो प्रश्न निरर्थक झाला, कारण निवडीची जागा रांगेने घेतली. किती गाड्या बनवायच्या हे कारखान्याच्या परवान्यात लिहिलेले असे. मागणी वाढली तरी उत्पादन वाढवायला सरकारची मंजुरी लागे. १९६३ साली व्यापारी वाहनांच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा आदेश आला. आपल्या आजोबांच्या पिढीने बजाज स्कूटरसाठी अनेक वर्षे वाट पाहिल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत; मालवाहू वाहनांची कथा त्याच घराण्यातली. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि पत्राची वाट पाहायची. ज्याला घाई असे तो दुसऱ्याचा क्रमांक वरची रक्कम मोजून विकत घेई.

९/
या रांगेचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. बनवलेली प्रत्येक गाडी विकली जाणारच असेल, तर बनावट बदलण्याची निकड कारखान्याला कशी वाटणार? १९६९ मध्ये जर्मन करार संपला, ट्रकच्या नाकावरचा तारा जाऊन तेथे ‘टी’ हे अक्षर आले, तरी तोंडवळा बराच काळ तोच राहिला. टाटा १२१० आणि लेलँडचा कॉमेट ही नावे एका पिढीने बालपणी ऐकली आणि म्हातारपणापर्यंत ऐकत राहिली. नवी बनावट येईपर्यंत थांबावे का, हा प्रश्न पडायला आधी नवी बनावट येण्याची शक्यता तर हवी!

१०/
शिवाय ‘ट्रक मिळाला’ याचा अर्थ तेव्हा ‘चासी मिळाली’ एवढाच असे. चालक उघड्या चासीवर लाकडी आसन ठोकून, डोक्याला फडके बांधून, शेकडो मैल ती हाकत आणी. मग सुतार आणि लोहार बॉडी बांधत. नंतर आरटीओकडे पासिंग. या कामात आणखी काही आठवडे जात. म्हणजे दिवाळीनंतर चासी हाती आली तरी हंगामाचा पहिला भाग गेलाच. जाणता माणूस पावसाळ्यातच चासी मिळावी म्हणून धडपडे, कारण बॉडी बांधण्याचे दिवस आणि रिकामे दिवस तेव्हा एकावर एक येत.

११/
गाडी आली तरी चालवायला परवाना हवा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीचे परवाने प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या हाती दिले होते. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. सिरोंचाहून नदी ओलांडली की आंध्र, पूर्वेला मध्य प्रदेश. येथल्या मालाचा नैसर्गिक बाजार अनेकदा सीमेपलीकडे असे. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली आणि १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने परवान्यांची पकड बरीच सैल केली. सीमेवरच्या जिल्ह्यांना या दोन तारखांचे मोल पुण्या-मुंबईपेक्षा अधिक.

१२/
आता लहान गाड्यांकडे वळू. कारण आजच्या पिकअपची खरी पूर्वज तीच. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९६९ मध्ये मॅटाडोर आणली. विदर्भात या गाडीचे नाव इतके रुजले की पुढे कोणत्याही लहान मालगाडीला ‘मेटाडोर’ म्हणण्याची रीत पडली. मोठा ट्रक ठेकेदाराचा, मेटाडोर गावातल्या व्यापाऱ्याची. अशी ही विभागणी होती. परंतु डांबरी रस्ता संपल्यावर, भरपूर माल लादून, चढ-उतार आणि नाले ओलांडत जाणाऱ्या मधल्या आकाराच्या गाडीची जागा रिकामीच होती.

१३/
ती जागा भरण्यासाठी १९८० च्या दशकात केंद्राने दार थोडे उघडले. जपानी सहकार्याने चार कंपन्या हलक्या मालवाहू गाड्या घेऊन आल्या: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. गाड्या आधुनिक होत्या, चालवायला हलक्या आणि इंधनाला काटकसरी. अनेकांना वाटले, आता टेल्कोसारख्या जुन्या घराण्यांचे काही खरे नाही. टेल्कोने मात्र परदेशी भागीदार न घेता स्वतःची गाडी आखली आणि १९८६ मध्ये ती आणली: टाटा ४०७, पुण्याच्या कारखान्यातून. त्या कारखान्याची उभारणी करणारे टेल्कोचे अध्यक्ष होते सुमंत मुळगावकर.

१४/
येथे, ३० हून अधिक वर्षांनी, घेणाऱ्याच्या हाती पुन्हा निर्णय आला. जपानी गाडी आत्ता घ्यावी? की नव्या ४०७ साठी थांबावे? आणि ४०७ घ्यायचीच, तर पहिल्या तुकडीतली घ्यावी, की इतरांचा अनुभव पाहून घ्यावी? चंद्रपूरच्या एखाद्या व्यापाऱ्याला दोन गोष्टी दिसत होत्या. जपानी गाडी प्रत्यक्ष समोर उभी होती आणि तिचे नाव मोठे होते. टाटाची गाडी नवखी होती. पण टाटाचे मिस्त्री, टाटाचे सुटे भाग आणि टाटाची सवय हमरस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजात होती.

१५/
त्याला न दिसणारी तिसरी गोष्ट न्यू यॉर्कमध्ये घडली होती. २२ सप्टेंबर १९८५ रोजी प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलरचे मूल्य खाली आणण्याचे ठरवले. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत. दोन वर्षांत ते १५० च्या खाली आले. या चारही कंपन्यांना सुरुवातीची वर्षे बरेच सुटे भाग जपानहून आणावे लागत होते. येन महागला, भाग महागले, गाडीही महागली. देशी आराखड्याच्या ४०७ ला हा फटका बसला नाही.

१६/
पुढचे ठाऊक आहेच. ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे गेली, डीसीएम-टोयोटातून टोयोटा बाहेर पडली आणि ९० च्या दशकात देवू आली. ४०७ बदलत्या रूपांत आजही बनते. मग जपानी गाडी घेणारे चुकले का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबावे. निकाल माहीत असताना जुन्या निर्णयाला शहाणपणाचे किंवा मूर्खपणाचे प्रमाणपत्र देणे सोपे असते. त्या चौघांतील आयशर टिकली आणि मोठीही झाली. १९८६ साली व्यापाऱ्याला प्लाझा करार वाचता येत नव्हता; त्याला गॅरेज दिसत होते. ज्याने जवळचे गॅरेज पाहून गाडी निवडली त्याला येनच्या चढउतारापासून नकळत संरक्षण मिळाले, एवढेच म्हणता येईल.

१७/
नव्या बनावटीच्या पहिल्या तुकडीचा धोका सर्वत्र असतो, पण जंगलात तो अधिक बोचतो. नागपुरात गाडी बंद पडली तर दुपारपर्यंत मिस्त्री मिळतो. एटापल्लीच्या पुढे पडली तर आधी निरोप पोहोचवावा लागतो, मग मिस्त्री येतो, मग कळते की हवा तो भाग नागपूरहून मागवावा लागेल. भरलेला माल तोवर वाटेतच. म्हणून ‘पहिले वर्ष जाऊ द्यावे’ हा या भागातील सावधपणा मागासलेपणाचे लक्षण मानू नये. दुरुस्तीचे अंतर मोजून केलेला तो हिशेब आहे.

१८/
१९८८ मध्ये टेल्कोने टाटामोबाइल ही पिकअप आणली आणि मे २००५ मध्ये आली टाटा एस, जिला लोकांनी ‘छोटा हाथी’ केले. गाडीचा आकार लहान झाला तसा घेणाराही लहान झाला. याच काळात मालही नव्या हातांत जाऊ लागला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ट्रकबरोबर जाणाऱ्या कागदावर सही कोणाची, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनी बदलला.

१९/
या मुलखात गाडी घेण्याच्या हिशेबात आणखी एक भीती दीर्घकाळ मिसळलेली होती. नक्षल सप्ताहांत, जुलैच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी, आतल्या रस्त्यांवरची वाहतूक थंडावत असे. डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखाणीवर ऐंशीच्या आसपास वाहने जाळण्यात आली. ज्याची एकच गाडी असते, तीही कर्जाची, त्याच्यासाठी नवी कोरी गाडी त्या रस्त्याला पाठवणे हा वेगळाच निर्णय असतो. जुनी घ्यावी की नवी, या प्रश्नाचे येथील उत्तर केवळ इंजिन पाहून देता येत नसे.

२०/
आता अलीकडचा काळ. रांग संपली, बनावटी भराभर बदलू लागल्या, आणि तारखा पुन्हा सरकारच्या हाती गेल्या. या खेपेस प्रदूषणाच्या नियमांमुळे. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून भारत स्टेज-३ वाहनांची विक्री बंद केली. उद्योगाकडे अशी सुमारे ८.२४ लाख वाहने पडून होती, त्यांत सुमारे ९६ हजार व्यापारी वाहने. ३० आणि ३१ मार्चला सवलतींचा पाऊस पडला. पण दोन दिवसांत निर्णय कोण घेऊ शकतो? ज्याच्याकडे रोकड तयार आहे तो. सिरोंचाच्या माणसाचे कर्ज मंजूर होईपर्यंत सवलत संपलेली.

२१/
१ एप्रिल २०२० पासून स्टेज-६. आता धूर गाळणारी जाळी, संवेदक, मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावण आणि अत्यल्प गंधकाचे डिझेल आले. हवेसाठी हे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु १९५४ चा प्रश्न नव्या वेशात परतला: हे यंत्र उघडणारा मिस्त्री आलापल्लीत आहे का? संगणक लावल्याखेरीज ज्या गाडीचा दोष कळत नाही, ती पहिल्या वर्षी घ्यावी की जुन्या पद्धतीची शेवटची गाडी ३१ मार्चपूर्वी गाठावी? १ एप्रिल ही तारीख आर्थिक वर्षाला सोयीची असते. जंगलाच्या वर्षात ती ऐन हंगामात, तेंदूच्या तोंडावर येते.

२२/
याउलट २०२५ पाहा. १५ ऑगस्टला करकपातीची घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरपासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत १० लाख धरली तर गाडी १२.८० लाखांऐवजी ११.८० लाखांना, पाच आठवडे थांबण्याचे एक लाख रुपये. त्याच वर्षी साडेतीन टनांवरील नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या चंद्रपुरात चालकासाठी ही चैन नव्हे. ज्या मालकाने थांबायचे ठरवले त्याचे येथे जवळजवळ काहीच बुडाले नाही, कारण ते दिवस पावसाचे होते. वर्षभर काम चालणाऱ्या बंदरात किंवा शहरात हेच पाच आठवडे महाग पडले असते.

२३/
डिसेंबर-जानेवारीचा पेचही असाच. जानेवारीत घेतलेली गाडी कागदावर एका वर्षाने तरुण राहते आणि विकताना चार पैसे जास्त मिळतात, म्हणून शहरातला ग्राहक वर्षाखेरीस थांबतो. गडचिरोलीत नोव्हेंबर आणि डिसेंबर हे दोन महिने सोडणे म्हणजे हंगामाचा चौथा भाग सोडणे. पुनर्विक्रीचा फायदा पाच-सात वर्षांनी मिळणार, पहिला हप्ता मात्र पुढच्या महिन्यात. एकच सल्ला सर्व देशाला लागू पडत नाही, तो या कारणाने.

२४/
तेव्हा थांबणे हे स्वतः शहाणपणही नाही आणि भित्रेपणाही नाही. थांबण्याचा खर्च कोण भरतो, हे विचारावे. परवाना-काळात तो घेणाऱ्याने भरला आणि फायदा रांगेत पुढे असलेल्याने घेतला. २०१७ मध्ये रोकड असलेल्याने फायदा उचलला. २०२५ मध्ये तारीख पावसाळ्यात पडली म्हणून जंगलातला लहान मालकही त्यात वाटेकरी होऊ शकला. ती तारीख ठरवताना मात्र कोणाच्याही नजरेसमोर पर्लकोटेचा पूर नसावा.

२५/
शेवटी एक विनंती. या इतिहासाची साधने अभिलेखागारात थोडी आणि घरांत पुष्कळ आहेत. एमएच-३३ वा एमएच-३४ क्रमांकाची गाडी तुमच्या घरी असेल, किंवा त्याआधीचा जुना ट्रक आजोबांनी चालवला असेल, तर नोंदणीची पावती, अनामतीचा कागद, बॉडीवाल्याचे बिल शोधून पाहा. नोंदवल्याची तारीख आणि गाडी मिळाल्याची तारीख, या दोहोंमधील अंतर मोजा. त्या काळात घर कशावर चालले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. जमल्यास येथे खाली सांगा. पुढचा धागा त्या तारखांवर करू.

#इतिहास #चंद्रपूर #गडचिरोली #झाडीपट्टी